चिठ्ठीवर नाव लिहा

प्रति,
राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र, बंगळूर,
आणि टीएसडीएसआय या भारतीय दूरसंचार मानक संस्थेचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

पोळेचा नाका ओलांडून माजाळीत शिरलं की खिशातला फोन एकदा थरथरतो. कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज आलेला असतो. पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलं तर मात्र फोन गप्प, कारण दूरसंचार खात्याच्या नकाशावर महाराष्ट्र आणि गोवा हे एकच परिमंडळ आहे, आणि मुंबई त्यातून वगळलेली. म्हणजे मुंबईचं सिम घेऊन निघालेला माणूस कोकणात उतरला की तिथेच पाहुणा होतो. गोव्यात शिरताना त्याच्या फोनच्या दृष्टीने नवं काहीच घडत नाही. केरीच्या वर चोर्ला घाटात तर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र इतके दाटीवाटीने बसलेत की कदंबच्या बसमध्ये एक डुलकी काढेपर्यंत फोनचा यजमान बदललेला असतो.

रोमिंगचे पैसे लागायचे तेव्हा ही हद्द लोकांना टोचायची. बेळगावला शिकायला गेलेली आमच्या सत्तरी-डिचोलीची मुलं घरी नुसते मिस्ड कॉल द्यायची. आता देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, म्हणून तो शब्दच बोलण्यातून गेला. व्यवहार गेलेला नाही. उलट वाढलाय. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा घेता येते, म्हणजे माणूस आपल्याच गावात बसून पाहुणा होऊ शकतो. दर वेळी एक परकं नेटवर्क, म्हणजे यजमान, फोनला विचारतं, तू कोण? आणि मग फोनच्या घरी, म्हणजे ज्या नेटवर्कचं सिम आहे तिथे, विचारतं, हा तुमचाच ना? या प्रश्नोत्तरांबद्दल मला आपल्याला लिहायचं आहे.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. स्ट्रॉजर एक्स्चेंजच्या खडखडाटात नोकरीला लागलो आणि डिजिटल स्विचच्या गारव्यात बाहेर पडलो. गणितात फार गती नाही. तरी गेली काही वर्षं एका विषयाने मला धरून ठेवलंय: ओळख पटवण्याचे हे जे संवाद असतात, प्रोटोकॉल म्हणतात त्यांना, ते बरोबर आहेत हे यंत्राकडून सिद्ध करून घ्यायचं शास्त्र. फॉर्मल व्हेरिफिकेशन. मराठीत मी त्याला गणिती पडताळणी म्हणतो. आपण मला जे विचाराल, की एवढी उठाठेव कशाला, त्याचं उत्तर माझ्या काकांच्या एका फजितीत आहे.

काका फोंडा महालातल्या एका देवस्थानात कारकून होते. देवस्थानचं नाव सांगत नाही. अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, खोल्या महाजनांसाठी (देवस्थानची हक्कदार घराणी) आणि कुळाव्यांसाठी (ज्यांचं ते कुलदैवत) असायच्या. मुंबई, कारवार, मंगळूरहून माणसं येत. चेहरा ओळखीचा नसला तर काका त्या गावातल्या कुणा जाणत्या महाजनाला ट्रंक कॉल लावून विचारत: अमुक गृहस्थ आलेत, आपलेच ना? एका जत्रेला एकाच आडनावाचे दोन गृहस्थ एकाच सकाळी हजर झाले. दोघे मुंबईचे. काकांनी गिरगावातल्या एकाच जाणत्याकडे दोन चौकश्या लावल्या, थोड्या वेळाच्या अंतराने. लाइनवर खरखर, मध्ये ऑपरेटर, इकडे पालखीची गडबड. उत्तरं दोन आली. एक, "हो हो, आपलाच, चांगली खोली द्या, खर्च माझ्या नावावर लिहा." दुसरं, "नाही बुवा, हे कोण ते मला ठाऊक नाही." कुठलं उत्तर कुठल्या गृहस्थाचं, हे काकांनी मनातल्या मनात ठरवलं आणि उलटं ठरवलं. तीन दिवस ज्याला कुणी ओळखत नव्हतं तो वरच्या हवेशीर खोलीत, आणि खरा कुळावी ओसरीवर पिशवी उशाला घेऊन. अभिषेक, महाप्रसाद, सगळ्या पावत्या गिरगावच्या भल्या माणसाच्या नावावर.

यात खोटं कोण बोललं? गिरगावचा जाणता खरंच बोलला. काका प्रामाणिक होते. तो अनोळखी गृहस्थही, माझ्या माहितीप्रमाणे, फसवायला आला नव्हता. खोली मिळाली, राहिला. कुणी कुलूप तोडलं नाही, कुणी शिक्का बनवला नाही. फक्त उत्तरावर नाव नव्हतं.

आता ५जी कडे येतो.

जुन्या २जी मध्ये ही चौकशी एकतर्फी होती. नेटवर्क सिमची परीक्षा घ्यायचं, सिमने नेटवर्कची परीक्षा घ्यायची सोयच नव्हती. म्हणून खोटा टॉवर उभा करणं सोपं झालं, आणि फोन अजून २जी वर घसरतो तिथे ते सोपंच आहे. ३जी ने दुतर्फी ओळख आणली: घरचं नेटवर्क आव्हानाबरोबर एक शिक्का आणि एक चढता क्रमांक पाठवतं, सिम तो शिक्का तपासतं, क्रमांक जुना तर नाही ना ते बघतं, मगच उत्तर देतं. पण ३जी आणि ४जी मध्ये एक गोची राहिली. घरचं नेटवर्क यजमानाला प्रश्न आणि अपेक्षित उत्तर दोन्ही देऊन मोकळं व्हायचं. फोनने खरंच उत्तर दिलं का, ते घराला कळायचं नाही. यजमानाने सांगितलं की तुमचा माणूस इथे आलाय आणि त्याचं एवढं बिल झालंय, की मानायचं. अग्रशाळेने पाठवलेली पावती पाहुण्याला न विचारता भरल्यासारखं.

५जी ने ते सुधारलं, आणि ही सुधारणा खरोखर चांगली आहे. ५जी-एकेए या ओळख पटवण्याच्या संवादात फोनचं उत्तर यजमानामार्फत घरी जातं, घर ते तपासतं, आणि मगच यजमानाला सांगतं की ओळख पटली, हा अमुक ग्राहक. शिवाय फोन आपलं कायमचं नाव आता उघड्यावर बोलत नाही. घरच्या नेटवर्कच्या सार्वजनिक चावीने ते झाकून पाठवतो, आणि यजमानाला खरं नाव कळतं ते सगळं पटल्यानंतर, शेवटी. (जुनं ४जी सिम ५जी फोनमध्ये घातलं आणि त्यात ती सार्वजनिक चावी नसेल, तर नाव उघडंच जातं. मानकात त्याला मोकळीक आहे. हा आमच्याकडच्या किती सिमांना लागू पडतो, हे ज्याने त्याने आपल्या सिमचं वय आठवून बघावं.)

पण बघा काय झालं. पूर्वी घर आणि यजमान यांच्यात एकच जा-ये होती, आता दोन झाल्या. आधी आव्हान येतं. मग फोनचं उत्तर घरी जातं. मग निकाल आणि नाव येतं. एकाच वेळी एकाच यजमानाकडून एकाच घराकडे शेकडो चौकश्या चालू असतात. कळंगुटला डिसेंबरच्या शनिवारी रात्री तर विचारायलाच नको. दुसऱ्या फेरीतलं नाव पहिल्या फेरीतल्या कुठल्या चौकशीचं, हे कशाने ठरतं?

२०१८ साली झ्युरिकच्या ईटीएचमधले डेव्हिड बेसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५जी-एकेएचं मानक वाचून त्याची गणिती प्रतिकृती केली आणि टॅमरिन नावाच्या पडताळणी यंत्रणेला दिली. यंत्रणेने नेमका हाच प्रश्न विचारला. मानकात त्याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. घर आणि यजमान यांच्यातला मार्ग उत्तरं ज्याच्या त्याच्या चौकशीला बांधून ठेवेल, असं गृहीत धरलेलं होतं, पण कुठे म्हटलेलं नव्हतं. २०१९ मध्ये कास क्रेमर्स आणि मार्टिन डेनेल-वाइल्ड यांनी संवादातल्या प्रत्येक घटकाचं वेगळं पात्र करून तीच पडताळणी आणखी बारकाईने केली आणि चित्र पुरतं उघडं पडलं. हल्लेखोराकडे स्वतःचं, अगदी कायदेशीर सिम असलं आणि त्याने नेमक्या वेळी आपली चौकशी दुसऱ्याच्या चौकशीला चिकटवली, तर यजमान नेटवर्क त्याचा फोन दुसऱ्याच्या नावावर धरून बसू शकतं. वरची खोली याला, पावती त्याला. काकांची जत्रा, पन्नास वर्षांनी, मिलिसेकंदांत.

हे प्रत्यक्ष कुठल्या नेटवर्कवर घडलं, असा माझा दावा नाही. बऱ्याच ठिकाणी यंत्र बनवणाऱ्याने शहाणपणाने प्रत्येक चौकशीवर क्रमांक घातलेलेच असतील, काकांनी पुढे आयुष्यभर घातले तसे. माझं म्हणणं एवढंच की ते शहाणपण ज्याच्या त्याच्या डोक्यात होतं, तेव्हाच्या कागदावर नव्हतं. आणि जगातली कितीतरी नेटवर्कं एकमेकांशी बोलतात ती कागदाच्या भरवशावर.

ही खोट वाचून मला पहिल्यांदा वाटलं, एवढी साधी गोष्ट इतक्या हुशार माणसांच्या नजरेतून कशी सुटली? मग कळलं की ही या विषयाची जुनीच चाल आहे. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी दोन अनोळखी पक्षांनी परस्परांची ओळख पटवायचा एक संवाद सुचवला. गाभा तीन निरोपांचा. पोस्टकार्डावर मावेल. १९८९ मध्ये त्यावर एक तर्कपद्धती लावून बघितली गेली, तीही त्याला बरोबर म्हणाली. १९९५ मध्ये गॅविन लो यांनी दाखवलं की एक भामटा मध्ये बसून एकाचे निरोप दुसऱ्याला पुरवू शकतो आणि दुसऱ्याला भलत्याच माणसाशी बोलायला लावू शकतो. पुढच्या वर्षी त्यांनी तीच खोट एफडीआर नावाच्या यंत्रणेकडून शोधून दाखवली. सतरा वर्षं, तीन निरोप. आणि दुरुस्ती काय होती? दुसऱ्या निरोपात उत्तर देणाऱ्याने आपलं नाव घालायचं.

नाव घालायचं. काकांना हे वाचून दाखवायला ते हयात असायला हवे होते.

माणसाच्या नजरेतून हे सुटतं, कारण माणूस संवाद वाचताना तो सरळ चालेल असं धरून वाचतो. एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं, झालं. यंत्रणा तसं काही धरत नाही. डोलेव्ह आणि याओ या दोघांनी १९८३ मध्ये मांडलेला शत्रू ती गृहीत धरते: प्रत्येक निरोप त्याच्या हातातून जातो, तो अडवतो, उशिरा सोडतो, दोनदा सोडतो, एकाचा दुसऱ्याला देतो, स्वतः पाहुणा म्हणूनही येतो, फक्त चावी नसलेलं कुलूप त्याला उघडत नाही. मग कितीही चौकश्या, कितीही पाहुणे, कुठल्याही क्रमाने घातले, तरी "ज्याला खोली दिली त्याच्याच घरून होकार आला होता" हे विधान टिकतं का, ते ती बघते. टिकलं तर सिद्धता देते. नाही टिकलं तर हल्ल्याची आकृती काढून हातात ठेवते, कोण कुणाला काय म्हणाला ते बाणांनी दाखवून.

मी स्वतः करून पाहिलं. फर्मागुडीला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिच्या सुट्टीत मला टॅमरिन बसवून दिलं, आणि मी काकांची अग्रशाळा त्यात लिहिली: पाहुणा, कारकून, गिरगाव, अशी तीन पात्रं. क्रमांकाशिवाय लिहिली तेव्हा यंत्रणेने माझा चहा निवायच्या आत दोन पाहुण्यांची अदलाबदल काढून दाखवली. क्रमांक आणि नाव उत्तरात बांधल्यावर ती म्हणाली, सिद्ध. सबंध खटपटीला ओळी लागल्या शंभरेक, त्यातल्या अर्ध्या मी चुकवलेल्या. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही पाहुण्याला दोनदा जन्माला घातलंय."

तक्रार करायला जागा इथेही आहे, ती लपवत नाही. असा प्रश्न सर्वसाधारणपणे यंत्राने सुटेलच याची हमी देता येत नाही, हे गणितानेच सिद्ध आहे. टॅमरिन कधी कधी थांबतच नाही, नुसता पंखा फिरत राहतो, आणि मग माणसाला मधल्या पायऱ्या सुचवाव्या लागतात. ५जी च्या प्रतिकृतीत चढते क्रमांक आणि एक विशिष्ट बेरीज-प्रकार असल्याने ते काम तर फारच जिकिरीचं होतं. आणि दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सिद्धता प्रतिकृतीची असते, यंत्राची नव्हे. वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ मधला चार निरोपांचा संवाद २००५ मध्ये सिद्ध झाला होता. २०१७ मध्ये मॅथी वानहूफ यांनी क्रॅक हल्ला दाखवला: तिसरा निरोप पुन्हा पाठवला की फोन तीच चावी पुन्हा बसवतो आणि मोजणी शून्यावर नेतो. सिद्धता खोटी नव्हती. चावी पुन्हा बसवणं हे तिच्या प्रतिकृतीत नव्हतंच. म्हणून सिद्धतेपेक्षा मला जास्त मोल वाटतं ते तिच्या आधी लिहाव्या लागणाऱ्या गृहीतकांच्या यादीचं. यंत्रणा गप्प गृहीतक मान्य करत नाही. "ते काय, समजलेलंच आहे" असं तिला म्हणता येत नाही.

या बाबतीत आपल्या देशातलं काम आपल्यालाच आठवून द्यावं लागावं याची मला थोडी लाज वाटते. २००३ मध्ये चेन्नईत आर. रामानुजम आणि एस. पी. सुरेश यांनी सिद्ध केलं की संवादातल्या निरोपांच्या भागांवर वेगवेगळ्या खुणा घातल्या, तर गुप्तता टिकते की नाही हा प्रश्न यंत्राने नक्की सुटणारा होतो. पाहुणे कितीही असोत. म्हणजे चिठ्ठीवर खूण घातली की नुसता गोंधळ टळतो असं नाही, तपासणाऱ्याचंही काम संपण्याजोगं होतं. एवढं आपल्या घरात असताना आपण मात्र परदेशातून छापून आलेलं मानक घेतो आणि त्याच्यावर आपला शिक्का मारतो.

आपल्या शिक्क्याबद्दल बोलतो. आपलं केंद्र सुरक्षेच्या गरजांचे जे दस्तऐवज काढतं, ज्यांना आपण आयटीसार म्हणता, त्यातले मी जमतील तेवढे वाचले. काम कष्टाचं आहे, टर उडवण्याजोगं मुळीच नाही. पण त्यांची रचना पेटीगणिक, म्हणजे नेटवर्कमधल्या एकेका यंत्रागणिक, आहे. ही पेटी पासवर्ड कसा साठवते, ती पेटी चुकीच्या निरोपाला काय करते, अमुक पोर्ट बंद आहे का. प्रयोगशाळेत पेटी येते, तपासली जाते, प्रमाणपत्र घेऊन जाते. काकांनाही कुणी तपासलं असतं तर ते उत्तीर्ण झाले असते. गिरगावचे जाणतेही. नापास झाली असती ती दोघांमधली ट्रंक लाइन, आणि तिला प्रयोगशाळेत आणायला कुणी सांगितलंच नसतं.

दुसरं उदाहरण देतो, कारण ते मला जास्त छळतं. २०१२ मध्ये काही संशोधकांनी प्रोव्हेरिफ या दुसऱ्या यंत्रणेने ३जी तपासलं आणि एक बारीक गळती काढली. एखाद्या फोनला पूर्वी आलेलं आव्हान हवेतून टिपून ठेवा. नंतर कुठेही, समजा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, ते पुन्हा सगळ्या फोनना पाठवा. इतर फोन म्हणतील, हा शिक्का माझ्यासाठीचा नाही. ज्याचं होतं तो फोन म्हणेल, शिक्का माझ्यासाठीचाच आहे पण पत्र जुनं आहे. नकार दोन्ही, पण दुसऱ्या नकाराने सांगून टाकलं की तो माणूस या बाजारात आहे. नाव झाकून पाठवायची ५जी ची सगळी मेहनत इथे वाया जाते, कारण इथे नाव विचारायची गरजच पडत नाही. आणि २०१८ च्या पडताळणीत ही गळती ५जी-एकेए मध्ये जशीच्या तशी सापडली. यंत्राने शोधलेली, छापलेली, दुरुस्तीसकट सांगितलेली गोष्ट सहा वर्षांनी नव्या पिढीत पुन्हा उतरली. हे अज्ञान नव्हे. मानक लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कुणीतरी प्रतिकृती ठेवून "हे आधी सोडवा" म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलेलं दिसत नाही. त्या टेबलावर आपल्याला खुर्ची आहे. मोबाइल नेटवर्कची मानकं लिहिणाऱ्या थ्रीजीपीपी या जागतिक संघटनेच्या सात भागीदार संस्थांपैकी टीएसडीएसआय एक आहे.

इंटरनेटवाल्यांनी हे करून दाखवलंय. ब्राउझरमधल्या कुलपामागचं टीएलएस १.३ हे मानक ऑगस्ट २०१८ मध्ये निघालं, पण त्याच्या आधीच्या मसुद्यांवर टॅमरिन आणि प्रोव्हेरिफ चालवले गेले, एका मसुद्यात ग्राहकाची ओळख उशिरा पटवायच्या प्रस्तावात हल्ला सापडला, आणि तो मानक छापायच्या आधी बुजवला गेला. घर बांधून झाल्यावर नव्हे, पाया खणताना माती तपासली. ६जी चा पाया आत्ता खणला जातोय: थ्रीजीपीपीच्या मानकांच्या रिलीज २० या आवृत्तीत अभ्यास, आणि रिलीज २१ मध्ये पहिलं बंधनकारक मानक. एकदा रिलीज गोठलं की मग दुरुस्ती म्हणजे पंधरा-वीस वर्षं पुरणारं ठिगळ.

तेव्हा माझं मागणं. टीएसडीएसआयने थ्रीजीपीपीच्या सुरक्षा गटापुढे असा प्रस्ताव ठेवावा की ६जी मधला ओळख पटवण्याचा कुठलाही संवाद यंत्राला वाचता येईल अशा प्रतिकृतीशिवाय आणि लेखी गृहीतकांशिवाय गोठवला जाऊ नये, आणि ती प्रतिकृती कुणालाही उतरवून घेता यावी. आपल्या केंद्राने रोमिंगशी संबंध येणाऱ्या प्रत्येक आयटीसारमध्ये एक पान वाढवावं: ही पेटी पलीकडच्या पेटीबद्दल काय काय धरून चालते. आणि प्रयोगशाळेत एक चाचणी घालावी, जी आज मला त्या कागदांत दिसली नाही: यजमान आणि घर या दोन्ही पेट्या एकत्र मांडायच्या, दोन चौकश्या एकाच क्षणी सोडायच्या, मधली उत्तरं मुद्दाम उशिरा आणि उलट्या क्रमाने पोचवायची, आणि कुणाची खोली कुणाला मिळते ते बघायचं. याला कोटींचा खर्च नाही. दोन पेट्या आणि एक खोडकर पोरगा पुरे.

पोरगे आमच्याकडे आहेत. फर्मागुडीच्या टेकडीवर आयआयटी आणि अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारी आहेत, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, ताळगावला विद्यापीठ. साडेचौदा लाखांच्या (२०११ ची मोजणी) या चिमुकल्या राज्यात एवढी महाविद्यालयं, आणि हंगामात वस्तीपेक्षा पाहुण्यांची वर्दळ दांडगी. परक्या सिमांचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा आपल्याला देशात शोधून मिळायची नाही. एखादं छोटं केंद्र इथे काढा म्हणून मी हट्ट धरणार नाही; असे हट्ट मंत्र्यांपुढे धरायचे असतात. पण आयटीसारचा मसुदा हरकतींसाठी खुला करता तेव्हा त्याची प्रत या चार-पाच ठिकाणी आपणहून पाठवा आणि सोबत लिहा की हरकत शब्दांत नको, प्रतिकृतीत द्या. बघा काय येतं ते.

माझा यात स्वार्थ आहे, तोही सांगून टाकतो. आमच्या घरातला एक जण तारवटी आहे, बोटीवर इंजिनात. कुठल्याशा बंदरात तिथलं सिम घेतो, पण इथलं सिम जिवंत ठेवतो, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. तो ओटीपी निघतो, "हा आत्ता कुठे आहे" असं सिमच्या घरच्या नोंदीला विचारतो, ती सांगेल त्या परक्या नेटवर्ककडे जातो, आणि असल्या नेटवर्कांतली जुनी नेटवर्कं अजून एसएस७ या भाषेत बोलतात, जी सगळे ओळखीचेच असतात अशा जमान्यात घडली. त्या भाषेत कुणी परक्या टोकावरून म्हटलं की "तुमचा माणूस आता माझ्याकडे आहे", की निरोप त्याच्याकडे वळतात. हे २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत जाहीर दाखवलं गेलं, आणि २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने बँकांचे कोड वळवून लोकांच्या खात्यांतून पैसे गेले. तिथे तर गृहीतक एकच होतं: लाइनवर बोलणारा प्रत्येक जण महाजन आहे.

बोट मध्यंतरी एका परक्या बंदरात आठ दिवस अडकली होती. घरची ईएमआय भरायची होती. ओटीपी आला तो चौथ्या खेपेला. पहिले तीन कुठे गेले, याचं उत्तर कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या मुलीकडे नव्हतं, आणि तिच्याकडे ते असण्याचं काही कारणही नाही. बहुधा नुसते हरवले असतील. बोटीवरच्या माणसाला मी तसंच सांगितलं.

माझी अग्रशाळेची प्रतिकृती, चुका सुधारलेली, भाचीच्या नावासकट, या पत्राच्या टपालाच्या प्रतीबरोबर जोडली आहे. पाहुणा आता एकदाच जन्माला येतो. आपल्यापैकी कुणी ती चालवून बघितली आणि तिसरा पाहुणा घातल्यावर ती मोडली, तर कृपया कळवावं.

आपला नम्र,
एक निवृत्त टेलिफोन अभियंता,
प्रियोळ, फोंडा